फळ्यावरची बायको

सदतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं तलाठी झाली, साखर कारखान्यात कारकून झाली, दोघंतिघं डॉक्टरही झाली. पण शिकवलेलं वाक्य मोडून, त्यातून स्वतःचं वाक्य जुळवून, नेमकं जिथं हवं तिथं बोलून दाखवलेलं माणूस मला सगळ्या नोकरीत एकच भेटलं. मास्तराला अशा विद्यार्थ्याचा अभिमान असायला हवा. मला मात्र ती दुपार आठवली की अजून लाज वाटते. दिवाळी अंकात लोक आपल्या नोकरीतले पराक्रम लिहितात. माझ्या गाठीलाही तसे दोन-चार आहेत, ते राहू द्यात. हे एकदाचं लिहून टाकतो.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून तीन-चार मैलांवरच्या एका गावात मी नोकरीला लागलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. मी मूळचा श्रीगोंद्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला पहिला बी.ए. आयुष्यात गोरा साहेब एकदाच पाहिला होता, तोही नगर स्टेशनवर आणि पाठमोरा. माझं सगळं इंग्रजी पुस्तकातून आलेलं. पण गावाच्या लेखी मी जणू विलायतेहूनच उतरलो होतो. कुणाची तार आली, औषधाचा डबा आला, की माणूस थेट माझ्या दारात. एकदा एक बागाईतदार ऑइल इंजिनाचं माहितीपुस्तक घेऊन आला. त्यातला 'इंजिन' एवढा एकच शब्द मला नीट कळला. मी गंभीर तोंड करून चार पानं उलटली आणि म्हणालो, "तेल वेळच्या वेळी घालत जा." गडी खूश! संध्याकाळी चरवीभर उसाचा रस पाठवून दिला. आम्ही नवराबायकोनं तो प्यायला आणि पोटभर हसलो. तेव्हा आम्ही दोघं मिळून हसायचो.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो. त्या सुमारास इंग्रजी शिकवण्याची नवी पद्धत आली होती. भाषांतर करायचं नाही. वाक्याचा एक साचा घ्यायचा, तो प्रसंगातून दाखवायचा आणि मग वर्गाकडून वीस-पंचवीस वेळा म्हणून घ्यायचा. म्हणजे 'आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर' म्हणायचं आणि खरोखर दार उघडायचं. आम्हाला शिबिरात हे दहा दिवस घोटून शिकवलं होतं. पण वर्गात प्रसंग असून असून असणार किती? दार, खिडकी, खडू, डस्टर. आठवड्याभरात माझे प्रसंग संपले. पोरं जांभया द्यायला लागली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, नगरहून तपासणी व्हायची होती, आणि हेडमास्तर व्हरांड्यातून कान देऊन जायचे.

एके दिवशी सकाळी घरी दूध उतू गेलं. वर्गात गेलो आणि सहज फळ्यावर लिहिलं, 'माय वाइफ इज बर्निंग द मिल्क', माझी बायको दूध जाळते आहे. खाली लिहिलं, 'व्हॉट अ मेस!', काय हा घोळ! हातवारे करून दाखवलं. वर्ग असा काही हसला की बाजूच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा वाक्य पाठ केलं. संध्याकाळी ओढ्याजवळ कडब्याची बैलगाडी उलटली, तर चार पोरं काठावर उभी राहून ओरडत होती, "व्हॉट अ मेस! व्हॉट अ मेस!" गाडीवान बिचारा शिव्या देत होता. मी लांबून बघत होतो आणि छाती फुगली होती माझी. रोजच्या वापरातलं इंग्रजी म्हणतात ते हेच की!

मग काय, मला चटकच लागली. रोज सकाळी घरात बघायचं, ही काय चुकते, आणि ते फळ्यावर मांडायचं. 'ऑलवेज' शिकवायचंय? 'माय वाइफ ऑलवेज फरगेट्स द सॉल्ट.' बायको नेहमी मीठ विसरते. 'कॅनॉट' शिकवायचंय? 'माय वाइफ कॅनॉट टेल द टाइम.' तिला घड्याळ कळत नाही. खरं तर घड्याळ कळत नव्हतं हे एवढंच खरं होतं. मीठ ती आयुष्यात दोनदा विसरली असेल. पण वर्गाला हसू हवं होतं, आणि मला वर्ग हवा होता. पाठोपाठ 'हरी अप', 'नेव्हर माइंड', 'सर्व्ह्ज यू राइट', म्हणजे बरी खोड मोडली, अशी बोलीतली वाक्यं पेरायची. नव्या पद्धतीत मराठी अर्थ लिहून घ्यायला मनाई होती, पण आईबापांना वहीत मराठी दिसल्याशिवाय पोरगं शिकतंय असं वाटायचं नाही. म्हणून मी गुपचूप प्रत्येक वाक्यासमोर अर्थ लिहून घ्यायचो.

यातलं सगळ्यात वाईट सांगतो. पहिल्याच वर्षी तिला दिवस गेले. तुलना शिकवायची होती, तर मी फळ्यावर लिहिलं, 'माय वाइफ इज गेटिंग फॅटर एव्हरी डे.' दिवसेंदिवस जाड होतेय. मुलगे खदखदून हसले. मुलींच्या बाकावर कुणी हसलं नाही, त्या खाली बघत होत्या. सहाव्या महिन्यात तिला श्रीरामपूरला दवाखान्यात न्यायचं होतं, रस्त्यात तिला दम लागला आणि एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाक्य तयार, 'माय वाइफ इज टू स्लो टू कॅच अ बस.' तो साचा पोरांना फार अवघड जातो. माझ्या वर्गाला एका तासात आला. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ती वीस-एकवीस वर्षांची. माहेरी चौथी झालेली, मग शाळा बंद. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती नळावर पाण्याला गेली की पोरं ओरडायची, "गुड मॉर्निंग म्याडम! हरी अप म्याडम! मिल्क, म्याडम!" ती घरी येऊन हौसेनं सांगायची.

"अवो, तुमची पोरं लई गुनाची हायेत. मला म्याडम म्हनत्यात. दुसऱ्या कुना मास्तरच्या बायकोला न्हाईत म्हनत."

"हं," मी म्हणायचो.

"काय म्हनत्यात ते? मिल्क म्हंजी दूधच ना?"

"हो, दूधच. मान देतात ते."

ती पदरात शेंगा नाहीतर गुळाचे खडे घेऊन जायची आणि त्या पोरांना वाटायची. पोरं खायची आणि कोपऱ्यावर गेली की हसायची. मला हे सगळं माहीत होतं. एक शब्द बोललो नाही.

मुलगा झाला, तो चार-पाच महिन्यांचा असताना ती मला म्हणाली, "मलाबी शिकवा की थोडं इंग्लिश. पोरं बोलत्यात, मला उत्तर देता येत न्हाई. नुसतं हसावं लागतंय."

मी जेवत होतो. म्हणालो, "तुला काय करायचंय? इंग्रजी बोलल्यानं भाकरी जास्त फुगणार आहे का?"

ती म्हणाली, "न्हाई फुगायची." आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. मला वाटलं, विषय संपला.

आमच्या शेजारी अब्बासभाई राहायचे, कपडे शिवायचे. त्यांची मुलगी शमीम माझ्याच वर्गात, नववीत होती. अक्षर मोत्यासारखं, वर्गात सगळ्यांत हुशार, पण बोलायला संकोची. संध्याकाळी मी शाळेत मॅट्रिकच्या पोरांचा जादा तास घ्यायचो, तेव्हा ही शमीमला घरी बोलवायला लागली. शमीम बाळाला खेळवायला येते अशी माझी समजूत. खरं म्हणजे बाळ हिच्या मांडीवर असायचं आणि शमीम शिकवत असायची. माझ्याच वहीतून! म्हणजे मी वर्गाला लिहून दिलेल्या वहीतून. मी तपासून टाकलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी शिवून हिनं स्वतःची वही केली होती, आणि शमीमच्या वहीतलं एकेक वाक्य ती त्यात अर्थासकट उतरवून घेत होती. हे चार महिने चाललं. मला पत्ता नाही.

आणि तपासणी आली. नगरहून साहेब आले. मी वर्गात माझी सगळी अस्त्रं काढली. 'माय वाइफ' म्हटलं की चाळीस पोरं एका सुरात पुढचं वाक्य फेकत होती. साहेबांना हसू आवरेना. तास संपल्यावर ते हेडमास्तरांना म्हणाले, "याला म्हणतात प्रसंगातून अध्यापन." हेडमास्तरांचा चेहरा उजळला. तपासणीला आलेल्या साहेबांचं जेवण कुणातरी शिक्षकाच्या घरी करायची तेव्हा पद्धत होती. त्या वर्षी ते माझ्याकडं ठरलं होतं.

ही पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. पुरणपोळी, आमटी, कुरडया, सगळं साग्रसंगीत. साहेब, हेडमास्तर आणि मी पाटावर बसलो. आपल्याकडं ताटात पहिलं वाढतात ते मीठ. तिनंही तसंच वाढलं होतं, चिमूटभर, ताटाच्या वरच्या कडेला. ती आमटीचं भांडं घेऊन आली तेव्हा साहेब माझ्याकडं बघून मिश्कीलपणे इंग्रजीत म्हणाले, "सो, धिस इज द लेडी हू फरगेट्स द सॉल्ट!" मीठ विसरणारी ती बाई हीच तर! हेडमास्तर हसले. मीही हसलो, म्हणजे चांगलं मोठ्यानं हसलो.

ती थांबली. भांडं खाली ठेवलं. पदर सावरला आणि साहेबांच्या ताटातल्या मिठाकडं बोट करून हळू पण स्पष्ट म्हणाली, "सर, आय ऑलवेज फरगेट द सॉल्ट. टुडे आय डिड नॉट फरगेट."

मी नेहमी मीठ विसरते. आज विसरले नाही. यातलं दुसरं वाक्य मी कुणालाच शिकवलेलं नव्हतं. ते तिनं तिथल्या तिथं बनवलं होतं. माझ्या चाळीस पोरांपैकी एकाला तरी असं वाक्य सुचलं असतं का? दोन वर्षं पोपटपंची करून घेतली होती मी नुसती. आणि ही बाई, मांडीवर तान्हं मूल घेऊन चोरून शिकलेली, भाषा बोलत होती.

साहेब चकितच झाले. "वा वहिनी! कमाल आहे! कुणी शिकवलं तुम्हाला?"

तिनं तोंड उघडलं. ती शमीमचं नाव घेणार होती, हे आता मला पक्कं माहीत आहे. तिच्या आधी मी बोललो, "मीच, साहेब. रोज रात्री अर्धा तास घेऊन बसतो."

तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग आमटी वाढली, सगळ्यांना, मलाही, आणि आत गेली. पुन्हा वाढायला आली तेव्हा मराठीतसुद्धा बोलली नाही.

साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिलं की हे शिक्षक स्वतःच्या घरापासून भाषाप्रसार करतात. हेडमास्तरांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर वाचून दाखवलं. माझी नोकरी कायम झाली. पुढं तालुक्यातल्या तीन-चार शाळांत मला पद्धत समजावून सांगायला बोलावलं, आणि 'मी माझ्या पत्नीला इंग्रजी कसं शिकवलं' हे मी तिथं खुलवून खुलवून सांगितलं. टाळ्याही घेतल्या.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. साहेबांना एसटीत बसवून मी घरी आलो तेव्हा ती भांडी घासून नुकतीच बसली होती. कंदील लावायची वेळ झाली होती.

"तुमी कवा शिकवलं मला?" तिनं विचारलं.

"अगं, साहेबापुढं असं म्हणावं लागतं. नोकरीचा प्रश्न आहे."

"शमीमचं नाव घेतलं असतं तर नोकरी गेली असती व्हय? पोरीला किती बरं वाटलं असतं. चार म्हैने येतीया, एक दिस खाडा केला न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. उठून धान्याच्या कणगीमागनं ती शिवलेली वही काढून माझ्यापुढं ठेवली. मी उघडली. पहिलंच वाक्य दुधाचं. समोर तिच्या अक्षरात, 'माझी बायको दूध जाळत आहे.'

"तुला अर्थ कळत होता?"

"समोर लिवलाय की. चौथी पास हाय मी."

"सगळा?"

"सगळा. नळावरची पोरं कशाला हसत्यात त्येबी कळलं. मी शेंगा वाटत हुते त्यान्ला." तिनं वहीतलं एक पान उलटून दाखवलं. "पोटुशी हुते तवाचंबी हाय ह्यात. ते लिवताना शमीम रडली. म्हनली, काकू, हे पान सोडू. मी म्हनलं, सोडायचं न्हाई."

"मग यातून शिकलीस कशाला?"

"दुसरं पुस्तक कुटं हुतं?"

ती कंदील माझ्याजवळ सरकवून म्हणाली, "आता एक काम करा. ह्यात माझ्याबद्दल एखादं तरी बरं वाक्य असंल तर काढून द्या. मी दोनदा वाचलं, मला न्हाई घावलं. तुमी शिकल्यालं हाय, तुमाला घावंल."

मी वाचायला लागलो. आधी घाईघाईनं, कारण मला खात्री होती, एखादं असणारच. मग सावकाश, बोट ठेवून. बायको मंद आहे. बायको रडते आहे. बायकोला पत्ता सांगता येत नाही. बायको पडली, सर्व्ह्ज यू राइट. दोनशेच्या वर वाक्यं असतील. त्यातल्या त्यात बरं म्हणावं असं एकच होतं, 'माय वाइफ इज स्लीपिंग.' बायको झोपली आहे. मी वही मिटली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "उद्या चांगलं लिहितो. शप्पत."

तिनं बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "लिवा. पर बायको-बियको लिवू नगा. मला नाव हाय."

आमच्याकडं नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. 'अगं', 'ए', बाहेर 'आमची मंडळी'. लग्नात उखाणा घेतला तेव्हा तिचं नाव मी उच्चारलं असेल तेवढंच. तिनं मागितलं ते एवढंसंच होतं, पण ते ऐकून माझी मला शरम वाटली. मी म्हणालो, "नावानं लिहितो."

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात गेलो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वत्सला कॅन स्पीक इंग्लिश.' वत्सलेला इंग्रजी बोलता येतं. म्हटलं, "म्हणा." वर्गानं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं तेवढ्यात मॉनिटरनं हात वर केला.

"सर, वत्सला कोन?"

ती किती वाजता उठते, दूध कसं जाळते, किती जाड झाली, एसटी कशी चुकवते, हे सगळं या पोरांना तोंडपाठ होतं. नाव एकालाही माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. सांगायला एक क्षण पुरला असता. म्हणायचं, माझी बायको, काल साहेबांशी इंग्रजीत बोलली, आणि तिला या शमीमनं शिकवलं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण वर्गात बायकोचं नाव घेतलं हे गावभर होईल, उद्या पोरं नळावर नावानं ओरडतील, साहेबांपुढची थाप उघडी पडेल, असं काय काय मनात आलं. खरं म्हणजे भ्यालो.

"आहे एक बाई," मी म्हणालो. "चला, म्हणा पुढं."

पोरांनी छप्पर दणाणेल असं म्हटलं. मुलींच्या बाकावर शमीम तेवढी गप्प होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

त्या दिवशी जादा तास घेऊन मी घरी आलो तर ही चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "लिवलं का?"

"लिहिलं. मोठ्या अक्षरात."

"नावानं?"

"नावानं."

"पोरांनी वळखलं का, कोन ती?"

"ओळखलं की," मी म्हणालो. "सगळ्यांनी ओळखलं. टाळ्या वाजवल्या."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाळाला कडेवर घेऊन शमीम बाहेर आली. तिनं बाळ हिच्या मांडीवर दिलं, "येते काकू" म्हणाली, आणि माझ्या अंगावरून खाली मान घालून निघून गेली.